जलोद्यान

पाण्यात किंवा पाण्याच्या काठी नैसर्गिक रीत्या वाढणाऱ्या वनस्पतींची तळे, हौद, टाके वा कुंड यांत हेतुपूर्वक केलेली लागवड व मांडणी म्हणजे जलोद्यान होय. अनेक हेक्टर क्षेत्राच्या गावतळ्यापासून सु. ६० सेंमी. व्यासाच्या मातीच्या किंवा सिमेंटच्या पसरट कुंडापर्यंत त्याचा आकार काहीही असू शकतो. शोभा हा जलोद्यानाचा सर्वपरिचित हेतू असला, तरी अन्न, औषधी द्रव्ये, जलशुद्धी, मासे व पक्षी यांना आसरा आणि दुर्मिळ जातींचे जतन हेही हेतू तितकेच महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील देशी जलवनस्पतींच्या लागवडीचा विचार केला आहे. देशी जातींवर भर देण्याचे कारण केवळ अभिमानाचे नाही. देशातील जलाशयांना आज ज्या तणांनी ग्रासले आहे, त्यांतील बरीचशी शोभेच्या वनस्पती म्हणूनच बागांत व काचपात्रांत आली आणि तेथून निसटली.

इतिहास : प्राचीन भारतीय वाङ्मयात पुष्करिणी, वापी, सरोवर यांची वर्णने विपुल असून त्यांत कमळ व कुमुद यांना मानाचे स्थान आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कमळांनी भरलेली तळी आढळतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात जलक्रीडेचे स्वतंत्र वर्णन आहे. बाबराने धोलपूर येथे करविलेल्या बागेत कमळाच्या आकाराची दगडी कुंडे होती. देवळांपुढील पुष्करिणी व गावोगावची तळी ही मात्र खरी लोकांची जलोद्याने होत. तेथे पूजेची फुले, उपासाचे शिंगाडे व औषधाचे वेखंड या गोष्टी एकाच पाण्यातून मिळत.

यूरोपात जलोद्यानाची आवड एकोणिसाव्या शतकात वाढली. दक्षिण अमेरिकेतील ‘व्हिक्टोरिया’ या प्रचंड पानांच्या वनस्पतीला १८४९ मध्ये इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी फुले आणून दाखविली. फ्रान्समधील लातूर-मार्लियाक यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेल्या रोपवाटिकेत थंडीला टिकणाऱ्या रंगीत कुमुदांचे संकर तयार केले. चित्रकार क्लोद मोने यांच्या झिव्हेर्नी येथील तळ्यातील कुमुदे त्याच रोपवाटिकेतून आलेली होती. भारतातील रोपवाटिकांत आज ‘कमळ’ म्हणून विकली जाणारी बरीच झाडे अशा संकरांची वंशज असतात. ती सुंदर व निरुपद्रवी असली, तरी देशी कुमुदे त्यांच्यापुढे मागे पडली आहेत.

जलवनस्पतींची शरीररचना : जलवनस्पतींचे सोयीसाठी चार गट करतात : संपूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या निमज्जित, मुळे तळाशी व पाने पृष्ठभागावर असणाऱ्या, मुक्तपणे तरंगणाऱ्या आणि काठावरच्या चिखलात मुळे रोवून पाण्याबाहेर वाढणाऱ्या. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि ही अडचण सर्वच गटांना कोणत्या ना कोणत्या उपायाने सोडवावी लागते. कमळात पानापासून देठातून मूलक्षोडापर्यंत (जमिनीतील आडव्या खोडापर्यंत) पोकळ वायुमार्ग असतात. पाने उन्हाने तापली, की त्यांतील हवेचा दाब वाढून ती खाली ढकलली जाते आणि दुसऱ्या मार्गाने पुन्हा वर येते. कमळाची पाने किंवा देठ पाण्याच्या पातळीखाली कापू नयेत, असे जाणकार माळी सांगतात त्याचे कारण हेच. कापलेल्या देठातून पाणी वायुमार्गांत शिरते व मूलक्षोड कुजण्याचा संभव असतो.

निमज्जित वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्यात प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याच तो वापरतात. त्यामुळे लहान तळ्यात त्यांची दाटी झाल्यास पहाटेच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. वनस्पती जितक्या अधिक तितके तळे निरोगी, हा समज म्हणून बरोबर नाही.

कमळ व कुमुद : या दोहोंना बोलीत सर्रास कमळ म्हणतात आणि पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांना एकाच कुलात घालीत. आता कमळाचे (नेलंबो न्यूसिफेरा) स्वतंत्र कुल मानतात. आनुवंशिक पुराव्यावरून त्याचे जवळचे नातेवाईक कुमुदे नसून ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेत विपुल असणारी प्रोटिया कुलातील झाडे व चिनार हे वृक्ष ठरतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कमळाचे मोठे पान वर्तुळाकृती, अखंड कडेचे व छत्रीसारखे मध्यभागी देठाला जोडलेले असून पूर्ण वाढल्यावर पाण्याच्या वर उभे राहते. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते व ते पाण्यावर पसरून राहते.

कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे मराठी माणसाला सुभाषितांतून लहानपणापासून ठाऊक असते. पानाच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे व त्यांवरील मेणाचे स्फटिक यांमुळे थेंब गोल राहतो आणि घरंगळताना धूळही बरोबर नेतो, हे बार्टलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सविस्तर दाखवून दिले. कमळाचे फूल उमलण्याच्या काळात स्वतः उष्णता निर्माण करते. बाहेरचे तापमान १०° से. पर्यंत उतरले, तरी फुलाचे तापमान ३०° ते ३६° से. च्या दरम्यान राहिल्याचे ॲडिलेड येथील निरीक्षणांत आढळले आहे. परागण करणाऱ्या कीटकांना ही ऊब उपयोगी पडत असावी. बी अतिशय टिकाऊ असते. चीनमधील एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या थरातील सु. १,३०० वर्षांपूर्वीचे बी रुजविण्यात आल्याची नोंद १९९५ मध्ये झाली आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०२३ मध्ये १०८ पाकळ्यांचा एक प्रकार प्रसृत केला.

महाराष्ट्रात कुमुदाच्या दोन जाती विशेष आढळतात. निंफिया नौचाली या जातीची फुले निळी, जांभळट किंवा पांढरी असून दिवसा उमलतात. निंफिया प्यूबेसेन्स या जातीची पाने दातेरी व खालून लवदार असून पांढरी ते गुलाबी फुले सायंकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मिटतात. सूर्याने कमळ व चंद्राने कुमुद फुलते, हा कविसंकेत निरीक्षणावर आधारलेला आहे, फक्त तो एका जातीपुरता खरा आहे. दोन्ही जाती उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यांतही तग धरतात. पाने मरून जातात, पण चिखलातील कंद पावसाळ्यापर्यंत सुप्त राहतात.

इतर उपयुक्त जाती : कुमुदिनी (निंफॉइडिस इंडिका) हिची पाने लहान कुमुदासारखी व फुले पांढरी, झालरदार पाकळ्यांची असतात. साताऱ्याजवळील कास पठारावरच्या तळ्याला तिच्यावरूनच कुमुदिनी तलाव म्हणतात. लहान कुंडासाठी हिच्याइतकी समाधानकारक देशी वनस्पती क्वचितच सापडेल. निमज्जित वनस्पतींपैकी हायड्रिला, सेरॅटोफायलम व व्हॅलिस्नेरिया या सहज वाढतात. व्हॅलिस्नेरियाचे परागण पाहण्यासारखे असते. स्त्री-पुष्प लांब देठाने पृष्ठभागावर येते, पुं-पुष्पे तळाशी सुटून वर तरंगत त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि परागणानंतर स्त्री-पुष्पाचा देठ मळसूत्रासारखा आवळून फळ पाण्याखाली नेतो.

काठासाठी वेखंड (अकोरस कॅलॅमस), ब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी), चार दलांच्या पानांचे मार्सिलिया हे नेचे आणि निळ्या फुलांची मोनोकोरिया व्हॅजिनॅलिस या योग्य आहेत. मोनोकोरिया ही जलपर्णीच्याच कुलातील असून तिचे फूलही तितकेच निळे व मोहक असते, पण ती भाताच्या खाचरांतील देशी वनस्पती आहे. जलपर्णीच्या फुलांच्या मोहाला तिच्या रूपाने एक चांगला पर्याय उपलब्ध आहे. पाणकणीस (टायफा) पक्ष्यांना आवडत असले, तरी मूलक्षोडाने वेगाने पसरते. लहान तळ्यात ते तळ बंद असलेल्या कुंडीतच लावावे.

खाद्य वनस्पतींत शिंगाडा प्रमुख होय. तो वर्षायू असून त्याच्या तरंगत्या पानांच्या देठांत हवेचे फुगे असतात. मखाणा (युरिएल फेरॉक्स) ही काटेरी, मोठ्या पानांची वनस्पती बिहारच्या मिथिला भागात मोठ्या प्रमाणावर लावतात आणि ‘मिथिला मखाना’ला २०२२ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. नाळीची भाजी (इपोमिया ॲक्वाटिका) पाण्याच्या कडेने पसरते. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात, मात्र सांडपाणी येणाऱ्या तळ्यातील भाजी खाण्यात आणू नये.

तळ्याची रचना : जागा दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी असावी. सावलीत पाने येतात, पण कमळ व कुमुद फुलत नाहीत. मोठ्या वृक्षाखाली पानगळ पाण्यात कुजते, म्हणून तीही जागा टाळतात. तळाची पातळी सर्वत्र सारखी न ठेवता पायऱ्यांसारखी उतरती ठेवल्यास प्रत्येक गटाला हवी ती खोली मिळते. काठाच्या वनस्पतींना ५ ते १५ सेंमी. व कमळ-कुमुदांना ३० ते ६० सेंमी. पाणी सामान्यतः पुरते.

पाणी धरून ठेवण्याची जुनी पद्धत म्हणजे चिकण माती भिजवून तुडवून बसविणे. ही पद्धत मुरमाच्या जमिनीवर जाड थर दिल्याखेरीज यशस्वी होत नाही, आणि काळ्या जमिनीत तळे एकदा कोरडे पडले की भेगा पडून पाणी झिरपू लागते. अलीकडे प्लॅस्टिकचे जाड अस्तर किंवा सिमेंट वापरतात. नव्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरून ते अल्कधर्मी होते. असा हौद काही आठवडे दोन-तीन वेळा भरून रिकामा केल्यावरच त्यात झाडे व मासे सोडावेत. या टप्प्यावर घाई केल्यामुळे घरगुती जलोद्याने सुरुवातीलाच फसतात.

लागवड : मातीत चिकणाईचे प्रमाण बरे असावे. हलकी, पालापाचोळ्याची माती पाण्यावर तरंगते. पूर्ण कुजलेले शेणखत थोड्या प्रमाणात तळाशी मिसळून वर साधी माती व त्यावर वाळूचा किंवा बारीक खडीचा थर देतात. ताजे शेण घातल्यास पाणी हिरवे होऊन शैवाल माजते. लागवडीचा काळ महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याचा आरंभ हा होय.

कमळाचे मूलक्षोड आडवे ठेवून मातीने झाकतात, पण वाढीचे टोक मोकळे सोडतात. हे टोक फार ठिसूळ असते व ते मोडले तर तो तुकडा बहुधा वाया जातो. कुंड गोल व तळाला भोक नसलेले घ्यावे, कारण चौकोनी कुंडात पसरणारे मूलक्षोड कोपऱ्यात अडकते. आरंभी मातीवर थोडेच पाणी ठेवून पाने वाढतील तसतसे ते वाढवितात. कुमुदाचा कंद शेंडा मातीबाहेर राहील असा लावतात. कमळ बियांपासूनही होते. बीचे कवच दगडासारखे कठीण असल्याने एका टोकाला कानशीने किंवा खरखरीत दगडावर घासून आतील पांढुरका भाग दिसू लागताच थांबतात व बी कोमट पाण्यात ठेवतात. पाणी रोज बदलल्यास बहुधा आठवडा-दीड आठवड्यात अंकुर येतो. बियांची झाडे फुलावर येण्यास अधिक काळ लागतो व फुले मातृवृक्षासारखीच येतील असे नाही. कुमुदिनीच्या पानाखालील पेऱ्याशी नवे रोप तयार होते. तेवढा तुकडा चिखलात टोचला तरी पुरते.

तरंगत्या पानांनी पाण्याचा निम्म्यापेक्षा थोडा अधिक भाग झाकला जावा. त्यामुळे पाण्याचे तापमान व शैवाल दोन्ही आटोक्यात राहतात. यापेक्षा दाटी झाली, की दर वर्षी-दोन वर्षांनी कंद काढून विरळ करतात. कमळ व कुमुदांवर मावा पडतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो खाली पडतो व मासे त्याला खातात. कीटकनाशके तळ्यात वापरू नयेत, कारण ती प्रथम माशांना व बेडकांच्या पिलांना मारतात.

डासांची भीती हे शहरात जलोद्यान नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण असते, आणि दुर्लक्षित कुंडाच्या बाबतीत ती भीती खरीच आहे. उपाय म्हणून पुष्कळदा गप्पी किंवा गॅम्बूझिया हे अमेरिकेतील मासे सोडतात. गॅम्बूझिया बेडकांची अंडी व पिले तसेच देशी माशांची पिले खातो आणि पुरात वाहून ओढ्यात गेल्यास परत काढता येत नाही. ॲप्लोकायलस, रासबोरा, डॅनिओ यांसारखे लहान देशी मासेही डासांच्या अळ्या खातात व बंदिस्त हौदात ते पुरेसे ठरतात.

परदेशी जातींचा प्रश्न : जलपर्णी (आयखॉर्निया क्रॅसिपेस) ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती फुलांच्या सौंदर्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तेथे तिने जलमार्ग व भातशेती यांची इतकी हानी केली, की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल स्थितीत तिचा विस्तार सु. दोन आठवड्यांत दुप्पट होतो. पुण्याची मुळा-मुठा व कोल्हापूरची पंचगंगा या नद्यांवरील तिचे हिरवे आच्छादन हे मुळात सांडपाण्यातील नत्र व फॉस्फरस यांचे द्योतक असते. वनस्पती काढली व सांडपाणी तसेच राहिले, तर ती पुन्हा येते. केरळात साल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या नेच्याचा उपद्रव १९८० नंतर ब्राझीलमधील एका सोंडकिड्याच्या साहाय्याने बराच कमी करण्यात आला. त्याच राज्यात कोझिकोडे जिल्ह्यातील अवळ पांडी येथील एक ओढा २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरून गेला व तो पाहण्यास गर्दी लोटली. ती फुले काचपात्रांतून सुटलेल्या कॅबोंबा या अमेरिकी वनस्पतीची होती.

देशी असणे हा मात्र निरुपद्रवीपणाचा सर्वत्र चालणारा दाखला नव्हे. आपल्याकडील हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात काचपात्रांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लॉरिडात गेली आणि तेथील सर्वांत खर्चिक जलतणांपैकी एक ठरली. जलोद्यानातील काढून टाकलेला कचरा नदी-ओढ्यात न टाकता उन्हात वाळवून खतात घालणे, हा नियम म्हणून सर्व जातींना लागू आहे.

तळ्यांतील पुनर्लागवड : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत कोहळी समाजाने व जुन्या मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन ते शासनाकडे आले व ‘माजी मालगुजारी’ किंवा मामा तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. या तलावांत देवधान (रानटी भात), कुमुदे, कुमुदिनी, निमज्जित वनस्पती व लव्हाळ्यासारखी तृणे अशी पट्ट्यापट्ट्यांची वाढ असे. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करीत व देशी मासे वनस्पतींत अंडी घालीत. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने राहतो, याचे तपशीलवार ज्ञान असते.

अतिक्रमण, खतांचा निचरा व बेशरम (इपोमिया कार्निया) या अमेरिकी झुडपाचा फैलाव यांमुळे अनेक तलावांतील ही वाढ नाहीशी झाली. अधिक उत्पन्नासाठी सोडलेल्या माशांपैकी गवत्या हा भारतात १९५९ मध्ये आलेला चिनी मासा तर जलवनस्पतींवरच जगतो. वनस्पती गेल्या तसे देशी मासे घटले आणि ढिवर कुटुंबांचे उत्पन्नही घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने काही गावांतील ढिवरांनी, त्यांतही स्त्रियांनी पुढाकार घेऊन, तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर बेशरमीची झुडपे मुळासकट काढतात व उघडा पडलेला तळ नांगरतात. पावसाळ्यात पाणी चढू लागले, की चांगल्या स्थितीतील शेजारच्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी इत्यादींची रोपे आणून ज्या त्या खोलीवर लावतात. शोभेच्या हौदात जी पायऱ्यांची रचना मुद्दाम करावी लागते, ती तलावाच्या उतरत्या तळात आयतीच असते. अशा तलावांत देशी माशांचे प्रमाण वाढल्याचे मासेमारांच्या अनुभवास आले आहे.

दुर्मिळ जातींच्या बाबतीत लागवडीचा नियम उलटा आहे. कास पठारावरील उथळ डबक्यांत वाढणारे वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) हे केवळ सह्याद्रीच्या उत्तर भागात आढळते. पाऊस संपला की त्याची पाने जातात व कंद कातळावरील थोड्याशा मातीत उरतो. त्याचे कंद हौशी संग्राहकांनी उपटून नेल्यास ते घरच्या हौदात क्वचितच जगतात आणि डबके मात्र रिकामे होते. अशा जातींची वाढ वनस्पतिउद्यानांत, शक्यतो बियांपासून, व मूळ ठिकाणची आटण्या-भरण्याची आवर्तने सांभाळून करावी लागते. केरळातील कोझिकोडे येथील मलबार वनस्पतिउद्यानात जलवनस्पतींच्या संग्रहाकडे विशेष लक्ष दिले जाते. [→ कमळ, जलवनस्पती, शिंगाडा].